स्टेरिंगला प्ले आहे

"अगं, हिच्या स्टेरिंगला प्ले हाय."

आण्णांचा आवाज ऐकून मी हात पुसत हॉलमध्ये आले. टीपॉयला आवळून बसवलेलं गेमचं स्टेरिंग, लाकडाचं पॉलिश उडू नये म्हणून क्लॅम्पखाली घडी करून घातलेला पंचा, पेडल टाइल्सवरून सरकू नयेत म्हणून त्यांच्याखाली रबरी पायपुसणं. समोर ४३ इंची टीव्ही आणि प्लास्टिकच्या खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसलेले आण्णा, माझे वडील. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, त्यातली बरीचशी कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. पावसाळ्याचे दोन महिने ते आमच्याकडे पुण्याला राहायला येतात. ऑफिसातला एक मुलगा जर्मनीला जाताना त्याचं स्टेरिंग विकत होता, ते मी मुद्दाम त्यांच्यासाठी घेऊन ठेवलं होतं.

जुनी गाडी ज्यांनी चालवली आहे त्यांना प्ले म्हणजे काय ते सांगायला नको. स्टेरिंग फिरवलं तरी चाक लगेच वळत नाही, मधे काही अंतर ते नुसतंच मोकळं फिरतं. जोडातले भाग झिजले की असं होतं, आणि ड्रायव्हरच्या तळव्यांना ते पहिल्या वळणावर कळतं. मी वाकून स्टेरिंग हलवून पाहिलं. घट्ट होतं. क्लॅम्प घट्ट, वायर नीट. "आण्णा, काही ढिलं नाहीये हो."

"मी म्हणतोय ना. मी वळवतोय आणि ही मागनं वळतीय."

मग मी गेमच्या सेटिंगमध्ये गेले आणि माझ्या लक्षात आलं. आण्णांना सगळ्यात सुंदर चित्र दिसावं म्हणून मीच आदल्या रात्री 'क्वालिटी' निवडलं होतं. झाडाचं पान न् पान, ओल्या डांबरावर पडलेली ढगांची सावली, बॉनेटवर सरकणारं आभाळ. या सगळ्याच्या बदल्यात चित्र सेकंदाला साठऐवजी तीस वेळा बदलत होतं. त्यात टीव्हीवर सिनेमा बघताना चित्र गुळगुळीत करणारी सगळी प्रक्रिया चालूच होती, आणि ती टाळणारा गेम मोड बंद.

हिशोब सोपा आहे. सेकंदाला तीस चित्रं म्हणजे एक चित्र ३३ मिलिसेकंदांचं. साठ म्हणजे साडेसोळा-सतरा. त्यावर टीव्ही स्वतःची रंगरंगोटी करायला वेळ घेतो, काही टीव्ही शंभर मिलिसेकंदांच्याही वर. म्हणजे हात वळला आणि डोळ्यांना वळलेलं दिसलं यात सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. ताशी साठच्या वेगाने गाडी तेवढ्या वेळात साडेपाच फूट पुढे गेलेली असते. आंबा घाटात साडेपाच फूट म्हणजे कठडा.

मी गेम 'परफॉर्मन्स'वर, म्हणजे जरा साधं चित्र पण सेकंदाला साठ वेळा, असा टाकला, टीव्हीचा गेम मोड लावला. आण्णांनी दोन वळणं घेतली. तिसऱ्या वळणावर त्यांचे खांदे खाली आले. "आता हाताला आली," ते म्हणाले.

चित्रात काय कमी झालं, असं मी त्यांना विचारलं. त्यांना काही कमी झालेलं दिसलंच नव्हतं.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. दर काही वर्षांनी नवीन कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, येतो, आणि दर वेळी पहिलं वाक्य असतं ते चित्राच्या ताकदीचं. प्लेस्टेशन ४ आला २०१३ मध्ये, १.८४ टेराफ्लॉप्स. प्लेस्टेशन ५ आला २०२० मध्ये, १०.२८. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो आला, १६.७. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं. एवढी गणितं करणारं यंत्र घरातल्या टीव्हीखाली, सेट-टॉप बॉक्सच्या शेजारी बसतं, याचं मला आजही खरंखुरं अप्रूप आहे. पण त्या प्रोची ओळख करून देताना सोनीचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनीच एक गोष्ट सांगितली होती. क्वालिटी की परफॉर्मन्स, असं विचारलं की सुमारे तीन-चतुर्थांश वेळा खेळणारे परफॉर्मन्स निवडतात. सुंदर चित्र की हाताला येणारी गाडी, असा सवाल असेल तर बहुतेकांचं उत्तर आण्णांचंच आहे.

तरीही जाहिरात होते ती चित्राचीच. मला त्याचं कारण कळतं. ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब पोस्टरवर छापता येतं. प्ले काढून टाकलेलं स्टेरिंग छापता येत नाही, त्याच्यासाठी हात लावावा लागतो.

त्या रविवारी मी आणखी एक गोष्ट करून पाहिली. आमच्या दिवाणापासून टीव्हीपर्यंत टेप धरली. दहा फूट. निरोगी डोळा साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक वेगवेगळं ओळखू शकतो. दहा फुटांवर ते होतं ०.९ मिलिमीटरच्या आसपास. ४३ इंची टीव्हीवर साधं फुल एचडी चित्र असेल तर त्यातला एक ठिपका असतो अर्धा मिलिमीटर. म्हणजे दिवाणावर बसून पाहिलं तर फुल एचडीचेच ठिपके डोळ्याला सुटे दिसत नाहीत. ४के मध्ये त्या एका ठिपक्याचे चार ठिपके करायचे, वीस लाखांचे त्र्याऐंशी लाख करायचे, आणि यंत्राने ते सगळे प्रत्येक चित्रासाठी रंगवायचे. आण्णा टीपॉयपाशी, पाच फुटांवर बसतात तेव्हा त्यांना त्यातलं थोडं मिळत असेल. दिवाणावर मटार सोलत बसलेल्या मला काहीच मिळत नाही. यजमानांना मी म्हटलं, मागे वळा, मी फुल एचडी आणि ४के अदलाबदल करते, मग ओळखा कुठलं कुठलं आहे ते. चार वेळा केलं. चारही वेळा त्यांनी अंदाजच बांधला.

डोळ्यांना जे चार वेळात कळलं नाही ते आण्णांच्या हातांना मिनिटभरात कळलं होतं.

आमच्या घरात पहिला व्हिडिओ गेम आला तेव्हा मी पाचवीत असेन. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमची ती नक्कल. तेव्हा गल्लोगल्ली असायची तीच. पिवळी कॅसेट, वर छापलेले हजारो गेम आणि प्रत्यक्षात फिरून फिरून तेच पाच-सहा. दादा पहिला खेळाडू, मी दुसरी. कॉन्ट्रा खेळताना गोळ्या फार झाल्या की माणसं लुकलुकायची, आणि मी उठून टीव्हीची मागची पिन हलवायचे. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की त्यात पिनेचा काहीच दोष नव्हता. त्या यंत्राला एका आडव्या रेषेत आठच हलती चित्रं काढता येत. नववं आलं की ते गायब. म्हणून गेम लिहिणारे आळीपाळीने वेगवेगळी चित्रं वगळत, म्हणजे कुठलंच कायमचं नाहीसं होऊ नये. आम्हाला दिसत होतं ते लुकलुकणं म्हणजे कुणीतरी खूप विचार करून काढलेली तडजोड होती.

त्या यंत्राची कामाची मेमरी होती २ किलोबाइट. १९८५ चा सुपर मारिओ ४० किलोबाइटमध्ये बसला होता. त्यातले ढग आणि त्यातली झुडपं यांचा आकार एकच आहे, रंग बदलला की झालं. हे कळल्यावर मला त्या माणसांबद्दल जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. एका साडीत दिवाळी आणि लग्न दोन्ही नेसून काढणाऱ्या माझ्या आत्याबद्दल जे वाटतं, तसलंच काहीतरी. आणि मुख्य गोष्ट ही की बटण दाबलं की मारिओ उडायचा. त्याच क्षणी. सेकंदाला पन्नास-साठ वेळा बदलणारं चित्र, आणि तो जाडजूड डबा टीव्ही मधे काहीही प्रक्रिया न करता ते तसंच्या तसं पडद्यावर टाकायचा. त्या स्टेरिंगला प्ले नव्हता. चाळीस वर्षांनी, त्याहून कोट्यवधी पट ताकदीच्या यंत्रावर, माझ्या वडिलांना तो जाणवला.

निन्टेन्डोचे गुन्पेई योकोई यांचं एक तत्त्व होतं. त्यांच्या जपानी शब्दांचा नेहमीचा अनुवाद 'सुकलेलं तंत्रज्ञान' असा होतो, पण मला त्यासाठी आपला 'मुरलेलं' हाच शब्द बरोबर वाटतो. नवंकोरं, महाग, अजून कच्चं असलेलं घेण्यापेक्षा जे मुरलंय, स्वस्त झालंय, ज्याचे सगळे गुणदोष माहीत झालेत ते घ्यायचं आणि त्याचा वेगळाच उपयोग शोधायचा. १९८९ चा त्यांचा हातात धरून खेळायचा गेम बॉय चार छटांचा होता, हिरवट पडदा, मागे दिवाही नाही. पुढच्याच वर्षी सेगाचा गेम गिअर आला. रंगीत, उजळ, बघताक्षणी आवडावा असा. त्याला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चाले. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत अवतार मिळून जवळपास बारा कोटी खपले, गेम गिअर सुमारे एक कोटी. ज्या घरात रेडिओचे सेल संपले की उन्हात ठेवून अजून एक दिवस काढायचा प्रयत्न होतो, त्या घरातल्या मुलीला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

आता धुक्याबद्दल लिहिते, कारण ते लिहायचं म्हणूनच मी खरं तर बसले.

१९९९ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनवर सायलेंट हिल आला. एका गावात बाप आपली हरवलेली मुलगी शोधतोय आणि गावभर दाट धुकं आहे. चार पावलांपलीकडे काही दिसत नाही. त्या यंत्राला लांबवरचे रस्ते, घरं सगळं एकदम काढणं झेपत नव्हतं, म्हणून ते धुकं. पण ते धुकं हाच त्या गेमचा जीव ठरला. कुठून काय येईल या भीतीने छातीत जे धडधडायचं, ते स्वच्छ उन्हात झालंच नसतं.

मी हे आण्णांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आंब्याला श्रावणात असंच." आणि त्यांनी ते स्टेरिंग सोडून हवेतच हात धरले, एसटीच्या स्टेरिंगएवढे लांब. डोळे टीव्हीवर नव्हते, कशावरच नव्हते. हात वळायला लागले. एक डावं, लांब. मग उजवं, आखूड, मग पुन्हा उजवं. एका ठिकाणी हात थांबले. "इथं कंडक्टर उतरायचा. बॅटरी घेऊन पुढं चालायचा, मी त्याच्या मागनं पयल्या गिअरवर. मागं पन्नास मानसं, एक शब्द नाही कुनाचा." हात पुन्हा चालू झाले. खाली साखरप्यापर्यंत घाट उतरून ते थांबले, तेव्हा चहा गार झाला होता. निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झालीत.

त्यांच्या हातात तो घाट किती टेराफ्लॉप्सचा असेल, असा प्रश्न मनात आला आणि मला तो लगेच खोटा वाटला. तो घाट चित्रात साठवलेलाच नाही. न दिसणाऱ्या रस्त्यावर लक्ष लावून लावून तो त्यांच्या तळव्यांत उतरलाय. गेममध्येही माझ्या लक्षात राहिलेल्या जागा आठवून पाहते तेव्हा त्या सगळ्या मी कशा पार केल्या ते आठवतं, कशा दिसत होत्या ते फार कमी.

पैशाचं बोलायलाच हवं, कारण 'गरज' हा शब्द मध्यमवर्गीय घरात पैशापासून सुटा होत नाही. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला निघाला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळत होता. आपल्याकडे अनेक घरांत तो असा उतरल्यावरच आला. यंत्र जुनं होतं तसं स्वस्त होतं, हा आपला अनुभव. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती. २०२२ च्या नोव्हेंबरात ती ५४,९९० झाली. उलटा प्रवास. त्यामागे महागाई आणि चलनाचे चढउतार आहेतच, पण खोलवर एक कारण असंही आहे की चिप लहान करत नेली की ती आपोआप स्वस्तही होते, हा जुना काळ आता सरला. प्रोची किंमत ६९९.९९ डॉलर होती, डिस्क ड्राइव्ह वेगळा. वाय-फायच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला आपल्याकडे तेव्हा मुभा नसल्यामुळे तो त्या वेळी भारतात आलाच नाही. आता चित्राची पुढची पायरी फुकट नाही. ती कुणाच्या तरी दोन-तीन महिन्यांच्या हप्त्यांतून येते.

एवढं लिहून मी माझ्या एका मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती गेम बनवण्याच्याच कामात आहे, प्रकाशयोजना करते. ती रागावली नाही, पण म्हणाली, तू फक्त बघणाऱ्याचा विचार करतेस, बनवणाऱ्याचा नाही.

तिने सांगितलं ते मला पटलं, म्हणून इथे देते. आतापर्यंत गेममधल्या खोलीत उजेड कसा पडेल हे आधीच ठरवून ठेवावं लागे. दिवे हाताने लावायचे, मग संगणक तासन् तास हिशोब करून तो उजेड भिंतींवर जणू रंगासारखा लावून टाकायचा. नंतर कुणी म्हणालं की ही खिडकी जरा डावीकडे घ्या, की पुन्हा सगळं पहिल्यापासून. आता यंत्रच खेळताना प्रकाशाच्या किरणांचा माग काढतं, त्याला रे ट्रेसिंग म्हणतात. खिडकी सरकवली की उजेडही सरकतो, लगेच. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्सचा गेम आणि मे २०२५ चा डूम तर अशा यंत्राशिवाय चालतच नाहीत. "तुझ्या डोळ्याला फरक नसेल दिसत," ती म्हणाली, "माझे शनिवार-रविवार वाचतात."

हे माझ्या हिशोबात नव्हतं. ताकद बघणाऱ्याच्या डोळ्यासाठी नसून कुणाच्या तरी पाठीवरचं ओझं उतरवण्यासाठी असेल, तर मी तिच्या विरोधात कशी बोलू? फक्त मला एक शंका राहते. वाचलेला वेळ त्या माणसाला परत मिळतो, की तेवढ्यात आणखी दहा खोल्या बनवायला सांगतात?

आमच्याच पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा गेम २०२० मध्ये आला, आणि आला तो सगळ्यात आधी निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे त्या वेळच्या कन्सोलांमधल्या ताकदीने सगळ्यात लहान यंत्रावर. लहानशी टीम, पैशाची ओढाताण, २०१७ मध्ये लोकांकडून निधी गोळा करण्याचा प्रयत्न फसलेला. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट. तिचे कथाप्रसंग त्यांनी छायाबाहुल्यांच्या रूपात दाखवलेत. काळ्या आकृत्या, मागून उजेड. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार आठवले. चामड्याच्या बाहुल्या, पांढरा पडदा आणि मागे दिवा. लहानपणी आजोळी पाहिलेल्या त्या खेळात रावणाला चेहऱ्यावर एकही सुरकुती नव्हती, आणि मी आजीच्या पदराआड लपले होते.

तर मग नकोच का ताकद? माझं उत्तर जवळजवळ 'नको' असंच ठरलं होतं. ते आण्णांनीच बिघडवलं.

जायच्या आधीच्या आठवड्यात ते दुसराच एक गेम खेळत होते. गाडी साठ चित्रांवर, हाताला आलेली, सगळं नीट. ते मधेच डावीकडे वर बघत, मग मान हलवत. मी विचारलं, काय झालं.

"आरशात मागचं नीट दिसत न्हाई."

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच, आरशातलं चित्र धूसर होतं, मागची झाडं नुसती हिरवी बोळी, आणि ते जरा अडखळत बदलत होतं. याचंही कारण आहे. गेममधला आरसा खरा आरसा नसतो. त्यात मागचं दाखवायचं तर यंत्राला तेच जग पुन्हा एकदा, उलट्या बाजूने काढावं लागतं. काम जवळजवळ दुप्पट. म्हणून बनवणारे आरशात काटकसर करतात, कमी तपशील, कमी वेळा बदल. बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही, कारण शर्यत खेळणारा पुढे बघतो. ग्रॅन टुरिस्मो ७ हा शर्यतीचा गेम प्लेस्टेशन ५ वर आला तेव्हा त्यातला किरणांचा हिशोब गॅरेजमध्ये होता, शर्यतीच्या रीप्लेमध्ये होता, प्रत्यक्ष शर्यतीत नव्हता. म्हणजे यंत्राचा सगळ्यात खरा उजेड तुम्ही गाडी चालवत नसताना पडायचा.

पण माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं पुढच्या काचेइतकंच आरशात पाहिलंय. दारात लटकलेलं पोर, धावत येणारी म्हातारी, मागून ओव्हरटेक घेणारा ट्रक. त्यांच्यासाठी आरसा म्हणजे अर्धी गाडी. तो आरसा स्वच्छ करायला आणखी टेराफ्लॉप्स लागत असतील तर मला ते हवेत. ओल्या रस्त्यावरच्या ढगांसाठी नकोत, त्या आरशासाठी हवेत. पुढचा कन्सोल जो कुणी रेखाटत बसला असेल त्याला मला एवढंच सांगायचंय. तुमच्याकडे जास्तीची जी ताकद आहे ती आधी स्टेरिंगला द्या, मग आरशाला. उरली तर झाडांना.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी शेवटची एक चक्कर मारायची म्हटलं. मी दिवाणावर बसले. पडद्यावर गाड्या ओळीत उभ्या राहिल्या, दिवे लागले, तीन, दोन, एक, बाकीच्या सगळ्या सुसाट निघून गेल्या. आण्णांची गाडी जागच्या जागी. इंजिन चालू, हात स्टेरिंगवर, नजर आरशात.

"आण्णा, सुटली की शर्यत."

ते हलले नाहीत. मला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि मी दिवाणाच्या कडेवर चमचा दोनदा वाजवला. टिंग टिंग.

डबल बेल मिळाल्यावर त्यांनी गाडी काढली.